ब गट, क्रमांक सत्त्याऐंशी

एका काळ्या-पिवळ्या जीपच्या मागच्या दारावर खडूने लिहिलेलं: सां. अको. ८, अम. ११.

*

दोनशे चाळीस नावांमधून एकशे वीस नावं निवडायला संगणकाला एक सेकंदसुद्धा लागत नाही.

*

मूर्तिजापूरच्या एका दवाखान्यात नऊ सप्टेंबरला सकाळी मुलगी जन्मली. वजन दोन किलो नऊशे ग्रॅम.

*

गोधड्यांच्या कपाटात डोकं घालून बोललं की पंख्याचा आवाज येत नाही.

*

बाकीचा महाराष्ट्र ज्याला कोथिंबीर म्हणतो त्याला आमच्याकडे सांबार म्हणतात. सकाळी विकला गेला नाही तर दुपारी तो बकरीला घालतात.

*

गावातल्या फळ्यावर सर्वांत वर 'आजचा सुविचार' हे शब्द रंगाने कायमचे लिहिलेले आहेत. जूनपासून त्यांच्याखाली एकही सुविचार आलेला नाही.

*

"मले आयकू येत नाई रे बापू. तूच आयक."

प्रश्न १. तुमचे नाव, गाव, वय, व्यवसाय.

माधवी मोतीराम वानखडे. अमरावती. सत्तावीस. अर्थशास्त्रात पीएच.डी. करते, त्याला व्यवसाय म्हणता येत असेल तर.

माझा विषय एका ओळीत सांगता येतो. दर्यापूरच्या एका बाजूला अकोला, दुसऱ्या बाजूला अमरावती. मधल्या गावांतला भाजीवाला संध्याकाळी सांबार उपटतो, पोत्यात भरतो आणि पहाटे कोणत्यातरी एका बाजूला निघतो. कोणत्या बाजूला भाव चांगला आहे हे त्याला तिथे पोचल्यावरच कळतं. तोवर उशीर झालेला असतो, कारण सांबार वाट पाहत नाही. त्याला आदल्या दिवशीच दोन्हीकडचे भाव कळले तर काय होईल? पुस्तकं म्हणतात, त्याला जास्त पैसे मिळतील. पुस्तकं बरंच काही म्हणतात. कोणीतरी जाऊन पाहायला हवं.

म्हणून बारा गावांतले दोनशे चाळीस भाजीवाले घेतले. संगणकाने त्यांतले निम्मे अ गटात टाकले, निम्मे ब गटात. अ गटाला दोन जूनपासून रोज दुपारी चार वाजता फोन. ब गटाला काहीच नाही. सहा महिन्यांनी दोघांची कमाई शेजारी शेजारी ठेवायची. जो फरक निघेल तो माझ्या फोनचा.

भाव वाचायला कोणाला ठेवण्याइतके पैसे नव्हते. म्हणून रोज तीन वाजता मी खोलीतल्या कपाटात डोकं घालायचे आणि म्हणायचे: नमस्कार. आज सोमवार. सांबार, अकोला, किलोमागे आठ रुपये. अमरावती, अकरा रुपये. वांगी…

चाळीस सेकंद. सहा महिने. प्रेमात पडण्यासारखं त्यात काहीही नव्हतं.

प्रश्न ३. बाजारात जायला कोणते वाहन वापरता?

बुधवारी सकाळी मी दर्यापूरला जायचे. गावांत मात्र नाही. गावांत जायची मला मनाई होती आणि ती मीच घातली होती. संशोधक ओळखीचा झाला की लोक त्याला आवडतील अशी उत्तरं देतात. खुशी नावाची एम.ए.ची विद्यार्थिनी गावोगाव फिरून प्रश्नावल्या भरून आणायची आणि बुधवारी दर्यापूरच्या स्टँडवर गठ्ठा माझ्या हातात द्यायची. तो मांडीवर घेऊन मी परत.

दोन जुलैला पाऊस लागून राहिला होता. जीपच्या काचेवरचा एकच वायपर चालू होता आणि तोही ड्रायव्हरच्या, म्हणजे महादेवरावांच्या, बाजूचा.

"एक अमरावती," मी म्हटलं. "पुढे बसले तर चालेल का?"

पुढे खिडकीशी एक जण पायांत ओलं पोतं धरून बसला होता. तो इतक्या झटक्यात वळला की पोतं कलंडलं. जीपभर सांबाराचा वास.

"परत म्हना," तो म्हणाला.

"काय?"

"आता म्हनलं ते."

"एक अमरावती…?"

"व्हय. तुमीच." त्याने पोतं उभं केलं, पण नजर तिथेच ठेवली. "सोमवारी सर्दी होती तुमाले."

मला सोमवारी सर्दी होती. हे मला आणि माझ्या आईला माहीत होतं.

"'अमरावती' म्हनाच्या आंधी तुमी एक दम घेता," तो म्हणाला. "अकोल्याच्या आंधी नाई घेत."

"अमरावती माझं गाव आहे. तिथला भाव पडलेला असला की… सांगायला बरं नाही वाटत."

"मंग वाढवून सांगत जा."

"तसं नसतं हो!"

तो हसला. समोरचे दोन दात किंचित एकावर एक. एका डोळ्यावर पावसाचं पाणी आलेलं, ते त्याने पुसलं नव्हतं. मी हे नोंदवलं. सवय असते.

"म्हणजे तुम्हाला फोन येतो," मी म्हटलं.

"रोज. चार वाजता."

अ गट, मी मनात म्हटलं. तो नाव सांगायला लागला तर मी हात वर केला. "नाव नको. कोण कोण आहे हे मला माहीत असता कामा नये."

"आन् गाव?"

"गावही नको."

"मंग बोलाचं कशावर?"

"बोलायचंच नाही."

"बरं," तो म्हणाला, आणि अमरावतीच्या अलीकडच्या वलगावपर्यंत बोलत राहिला.

दर बुधवारी तो अमरावतीच्या तीन खानावळींना सांबार पोचवायचा आणि चारच्या आत गावी परतायचा. दर बुधवारी मी पुढच्या सीटवर. जीप स्टँडच्या भिंतीला पाठ लावून उभी असायची, आणि अमरावतीला उतरले की मी समोरून रस्ता ओलांडायचे. सांगायचं इतकंच की पाच महिने त्या जीपमध्ये बसूनही तिची मागची बाजू मी एकदाही पाहिली नाही.

प्रश्न ५. गेल्या आठवड्यात किती दिवस बाजारात गेला नाहीत? कारण?

ऑगस्टमध्ये दोन दिवस मला ताप होता. खुशीने भाव वाचले. बुधवारी मी जीपमध्ये चढले तर सीटवर कागदाची पुडी.

"काय आहे?"

"खडीसाखर. गयासाठी, आवाज बसू नये म्हनून." तो समोर पाहून म्हणाला. "ते दुसऱ्या मॅडम चांगल्या वाचतात. पन घाई करतात. आमाले भाव समजते, बाकी काई समजत नाई."

"बाकी काय असतं त्यात?"

"तेच तं."

मी पुडी पर्समध्ये ठेवली. शेतकऱ्याकडून भेट घेणं नियमात बसत नाही. ती मी वलगावच्या आधी संपवली, म्हणजे ठेवून घेतल्यासारखं झालं नाही.

सप्टेंबरच्या दहा तारखेला तो जीपमध्ये नव्हता. सतरालाही नव्हता.

"महादेवराव," मी सतराला म्हटलं, "ते… सांबारवाले?"

"बह्यनीकडे गेला मूर्तिजापूरले. बाळंतपन हाय. काहून?"

"काही नाही. असंच."

"असंच," महादेवरावांनी गियर टाकला. "असंच म्हनून आंधी खिडकीतून पाह्यलं, मंग खाली उतरून पाह्यलं. मले वाटलं तुमची चप्पल पडली."

चोवीस तारखेला तो आला. मामा झालो म्हणाला. मी म्हटलं, अभिनंदन. तो म्हणाला, मूर्तिजापूरात तुमचा आवाज येत नाई. मी गठ्ठ्यातल्या प्रश्नावल्या पुन्हा मोजल्या. आधी मोजल्या होत्याच.

प्रश्न ७. तुम्हाला भाव सांगणारा फोन येतो का? (हो / नाही)

नोव्हेंबरच्या मध्याला मी अ आणि ब शेजारी शेजारी ठेवले.

फरक शून्य.

अगदी शून्य नाही… किलोमागे अकरा पैसे. पण अकरा पैशांना संख्याशास्त्रात शून्यच म्हणतात. अ गटाची कमाई गेल्या वर्षीपेक्षा चांगली वाढली होती. ब गटाचीही तितकीच. फोन न येता.

माझ्या मार्गदर्शक ललिता मॅडम फोनवर म्हणाल्या, "शून्य हाही निष्कर्षच असतो, माधवी. भाव सांगून उपयोग होत नाही, असं लिही."

"पण मॅडम, तेरा डिसेंबरला अकोल्याची परिषद आहे. समिती तिथेच फेलोशिपचं तिसरं वर्ष ठरवणार."

"म्हणूनच सांगते. जे आलं ते नीट मांड. फोन मात्र बंद करावे लागतील. उपयोग नसलेल्या गोष्टीला पुढे कोण पैसे देणार?"

एकोणीस नोव्हेंबर, बुधवार. जीप वलगावला आली तरी मी काही बोलले नव्हते.

"आज दोन्ही बाजार बंद हायेत काय?" त्याने विचारलं.

मग मी सांगितलं. अ म्हणजे काय, ब म्हणजे काय, अकोला, समिती, तिसरं वर्ष, सगळं. पाच महिन्यांत पहिल्यांदा. पूर्ण वेळ तो पोत्याच्या तोंडाची सुतळी सोडत होता आणि परत बांधत होता.

"ब म्हनजे… ज्याईले फोन येत नाई ते?"

"हो."

"आन् तुमी असं धरलं का त्याईले भाव मालूम नाई."

"धरलं म्हणजे? विचारलं. प्रश्न सात. ब गटातल्या एकशे वीसच्या एकशे वीस जणांनी 'नाही' लिहिलंय."

त्याने सुतळीची शेवटची गाठ मारली. अमरावतीत उतरताना त्याने पोतं खांद्यावर घेतलं, माझ्याकडे पाहिलं… काहीतरी म्हणणार होता. मग खानावळीच्या दिशेने निघून गेला. माझ्या शून्याचं त्यालाही वाईट वाटलं असेल, असं मी समजले.

सव्वीस नोव्हेंबर. तो जीपमध्ये बसला नव्हता. बाहेर उभा होता, पोत्याशिवाय.

"मॅडम, जरा मांगून या."

"कुठून?"

"जीपच्या मांगून. महादेवकाका, गाडी थोडी पुढे घ्या."

जीप भिंतीपासून पुढे सरकली. काळ्या रंगाचं मागचं दार. त्यावर खडूने: सां. अको. १४, अम. ९. वांगी अको. १२, अम. १३. टमाटे… सगळं. आदल्या दिवशी तीन वाजता मी जे वाचलं होतं ते सगळं.

"बाराही गावं माह्या रस्त्यावर हायेत," महादेवराव खिडकीतून म्हणाले. त्यांना अभिमान वाटत असावा. "लोक गाडी पाहूनच ठरोतात, कोन्या बाजारात जाचं."

"हे… तुम्ही कुठून लिहिता?"

"आमच्या गावच्या फळ्यावरून."

"आणि फळ्यावर कोण लिहितं?"

महादेवराव एकदम आरसा पुसायला लागले.

"मी," तो म्हणाला. "जूनपासून. मी संघपाल तायडे, मॅडम. मले फोन येत नाई. मी ब गट हाय."

नाव पहिल्यांदा ऐकलं ते असं.

"तुम्ही म्हणालात रोज येतो!"

"फोन पार्बतामावशीले येते. वावर लागून हाय आमचं. तिले आयकू येत नाई, थे फोन माह्या हातात देते. मी आयकतो, तिले सांगतो. मंग म्हनलं, फळा हाय तं लिहून टाकू. चांगली गोष्ट हाय… एकट्यानं कायले ठेवाची?"

माझ्या डोक्यात एकशे वीस 'नाही' एकामागून एक खरे होत गेले. फोन येतो का? नाही. कोणीही खोटं बोललं नव्हतं. मी फोनबद्दल विचारलं होतं. भाव माहीत आहे का, हे विचारलंच नव्हतं.

"सहा महिने!" माझी विद्यापीठातली भाषा कुठल्या कुठे गेली. "सहा महिने मी शून्य मोजून राहिली! तुमी काहून नाई सांगतलं?"

"अ न् ब मले मांगच्या बुधवारी समजलं."

"मंग मांगच्या बुधवारीच सांगाचं होतं!"

"सांगनार होतो." तो पायाकडे पाहत होता. "पन सांगतलं असतं तं… तुमी ह्या बुधवारी बोलल्या असत्या काय?"

स्टँडवर दोन बस निघून गेल्या. खरं उत्तर 'नाही' होतं.

"आठ दिवस इचार केला," तो म्हणाला. "नाई सांगतलं तं तुमी लिहान का फोनचा उपयोग नाई. थे खोटं हाय. फोन बंद होईन. आन् तुमचं नाव खोट्यावर लागीन. त्याच्यापक्षा नाई बोलल्या तं नाई बोलल्या."

मी जीपमध्ये चढले. पुढे नाही, मागे. "महादेवराव," मी म्हटलं, "गावात घ्या."

प्रश्न ८. (हा प्रश्न छापलेला नाही.)

ग्रामपंचायतीच्या भिंतीवर तो फळा. वर रंगाने 'आजचा सुविचार', आणि खाली खडूच्या टपोऱ्या, शाळेतल्या अक्षरात:

सांबार – अकोला १४, अमरावती ९.

सहा ओळी भावांच्या. आणि अगदी तळाशी, कोपऱ्यात, लहान अक्षरात सातवी:

आवाज – बरा. शेवटी हसल्यासारखा.

"हे काय आहे?" मी विचारलं.

फळ्यापाशी विडी पीत बसलेले एक आजोबा म्हणाले, "थे त्या पोरीचं असते. भाव सांगते थे. ऑगस्टमंधी ताप आलता तिले, तं दोन दिस सारं गाव इचारत होतं, आली का रे तुही बाई." मग मला आपादमस्तक पाहून, "तुमी कोन?"

"मी…" मी म्हटलं. "सर्वेक्षण."

आजोबांनी विडी विझवून कानामागे खोचली. "आवाज तं तिच्यासारखाच हाय."

पार्बताबाईंचं घर पलीकडेच होतं. साठीच्या, काटक, डोक्यावर पदर. त्यांनी मला ओट्यावर बसवलं आणि आत गेल्या. मी संघपालच्या कानाशी हळूच विचारलं, "यांना खरंच काही ऐकू येत नाही?"

"चाय मांडली व, जाऊ नको," आतून पार्बताबाई म्हणाल्या.

संघपालने घरून एक वही आणली. दोनशे पानी, शाळकरी. फळ्यावर जे जे लिहिलं ते सगळं तारखेनिशी उतरवलेलं. "फळा पुसल्या जाते ना," तो म्हणाला. "म्हनून."

मी पानं उलटायला लागले. तीन जुलै: आवाज – कालची पुढच्या सीटवर बसली होती. बारा ऑगस्ट: दुसरी बाई. भाव तेच. पंचवीस ऑक्टोबर: आवाज – थकलेला, अमरावतीच्या आधी दोन दम. कान तापले तरी मी वाचत राहिले. आणि मग आठ सप्टेंबरनंतर थेट वीस सप्टेंबर.

"मधली पानं?"

"नाई लिहिलं. मी मूर्तिजापूरले होतो ना. गीतांजलीच्या बाळंतपनाले."

"आणि फळा?"

"कोरा होता."

"जीप?"

"फळ्यावर नाई तं जीपवर कुठून येईन? मावशीनं लिहिलं नाई. तिले तं आयकूच…"

मी उभी राहिले. चहा सांडला. "अकरा दिवस," मी म्हटलं. "नऊ ते एकोणीस. अकरा दिवस तुम्ही नव्हतात!"

"चुकलं काय?"

"नाही. नाही! अहो, तुम्ही नव्हतात!"

पाच महिन्यांत मी त्याला म्हटलेली सर्वांत प्रेमळ गोष्ट हीच होती, असं तो नंतर सांगायचा.

अकरा दिवस

कपाट, गोधड्या, संगणक. ज्या दिवशी फळा लिहिला गेला, त्या दिवशी अ आणि ब यांच्यात फरक शून्य. ज्या अकरा दिवसांत फळा कोरा होता, त्या दिवसांत अ गटाला ब गटापेक्षा किलोमागे तीन रुपये चाळीस पैसे जास्त. एकच माणूस गावाबाहेर गेला आणि शून्याचे तीन रुपये चाळीस पैसे झाले. तो परत आला आणि पुन्हा शून्य.

म्हणजे फोनचा उपयोग होता. इतका होता की तो गटात मावला नाही.

ललिता मॅडमनी आकडे दोनदा पाहिले. "हे मांडता येईल," त्या म्हणाल्या. "पण अकरा दिवस कमी आहेत. शिवाय प्रश्न सात चुकीचा विचारला, हे तुला स्वतःच्या तोंडाने सांगावं लागेल."

"सांगते."

"आणि एक गोष्ट विचारतीलच. या माणसाने स्वतःचं नुकसान का केलं?"

ते मी मोजलं होतं. सगळे एकाच बाजाराकडे वळले की तिथला भाव उतरतो. संघपालने ऐकलेला भाव स्वतःपाशी ठेवला असता, तर त्याला किलोमागे सव्वा रुपया जास्त मिळाला असता. सहा महिने त्याने तो रोज फळ्यावर लिहून टाकला.

अकोला

तेरा डिसेंबर. सभागृहात चाळीसेक माणसं. मी चूक आधी सांगितली, आकडे नंतर. मला वाटत होतं त्यापेक्षा आवाज स्थिर राहिला. प्रश्नांच्या वेळी पहिल्या रांगेतले एक ज्येष्ठ प्राध्यापक उठले.

"काम प्रामाणिक आहे. पण ज्या माणसामुळे ही गळती झाली, त्याचं वागणं तुमच्या सिद्धांतात बसत नाही. स्पर्धकांना फुकट माहिती देऊन त्याला काय मिळालं?"

"ते मी मोजलेलं नाही, सर."

"काहीतरी नोंद असेल ना?"

"त्याच्या वहीत एक शेऱ्याचा रकाना आहे," मी म्हटलं. शेवटच्या रांगेत, दाराशी, धुतलेला पांढरा शर्ट घातलेला एक माणूस खुर्चीत खाली खाली सरकत होता. त्या पहाटे अकोल्यात सांबार अठरा होता. अमरावतीत बारा; इकडे यायला त्याला तेवढं निमित्त पुरलं होतं. "तो मी विश्लेषणात घेतला नाही."

"का नाही?"

"त्यात माझा हितसंबंध आहे, सर."

प्राध्यापकांनी चष्मा काढला, काहीतरी लिहिलं आणि बसले. समितीने तिसरं वर्ष मंजूर केलं. अट एक: पुढच्या वेळी गट माणसांचे नव्हे, गावांचे पाडायचे, आणि प्रश्न सात नव्याने लिहायचा.

बाहेर टपरीवर संघपालने दोन चहा सांगितले.

"थो रकाना काहून नाई घेतला?"

"सांगितलं ना आत."

"मले त्यातलं अर्धं नाई समजलं."

"सोपं आहे. सगळी निरीक्षणं एकाच माणसाची आहेत. एका माणसावरून निष्कर्ष काढता येत नाही."

"मंग किती मानसं पाह्यजे?"

"माणूस…" मी चहात पाहिलं. "माणूस एक चालेल. काळ वाढवावा लागेल."

"किती?"

"ते आधी सांगता येत नाही. सुरू करून बघायचं असतं."

त्याने मान हलवली, गंभीरपणे, पोत्याचं वजन ऐकल्यासारखी. मग त्याच्या एकावर एक दातांनी त्याला दगा दिला. "एक सांगू, मॅडम? लोक फळ्यापाशी थांबत ना, भाव वाचत, मंग मले इचारत, काय म्हने रे तुही बाई आज. थे 'तुही' आयकाले मी रोज लिहत होतो. सव्वा रुपया महाग नाई पडला."

"मॅडम नका म्हणू."

"मंग काय म्हनू?"

"नाव आहे मला. तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. प्रश्नावलीवर छापलंय."

"माधवी," तो म्हणाला. आधी एक दम घेऊन.

प्रश्न ९. पुढे हा फोन घ्यायला आवडेल का?

अभ्यास एकतीस डिसेंबरला संपला. ज्यांना अभ्यासभर काही मिळालं नाही त्यांना शेवटी तीच सोय द्यायची, असा नियम असतो. एक जानेवारीला ब गटाच्या एकशे वीस क्रमांकांवर चार वाजता फोन सुटले. म्हणजे एकशे एकोणीसवर. यादीतला सत्त्याऐंशी मी काढून ठेवला होता. तो मी स्वतः लावला, कपाटाबाहेर, पंखा चालू ठेवून.

"हॅलो?"

"नमस्कार. आज गुरुवार."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज. "सांगा."

"सांबार. अकोला, किलोमागे नऊ रुपये."

"हं."

मी दम घेतला. "अमरावती…"

"अमरावती?"

"अमरावतीत या रविवारी बाबा घरी आहेत. आईपण. चार वाजता या. बाबांना मी सगळं सांगितलंय. ते म्हणाले, ज्याच्यामुळे तुझा प्रयोग बसला तो माणूस मला पाहायचाय."

"बसला म्हनजे मोडला का जमला?"

"ते रविवारी विचारा."

तो हसायला लागला. मीपण. चाळीस सेकंद कधीच होऊन गेली होती.

"फळ्यावर लिहू काय?" त्याने विचारलं.

"लिहून तर पहा!"

"भाव नाई लिहत. खालची ओळ तं लिहू दे. आवाज कसा म्हनू?"

मी खिडकीतून बाहेर पाहिलं. रस्त्यावर ऑटो, क्लासला चाललेल्या मुलींच्या सायकली, रोजचंच. "लिहा," मी म्हटलं. "पहिल्यांदाच न वाचता बोलली."

मार्चमध्ये, म्हणजे पहिल्या फोनच्या तीन महिने आधी, दर्यापूरला कान तपासणीचं मोफत शिबिर झालं होतं. पार्बताबाईंचे दोन्ही कान चांगले निघाले होते.